पेरा आणि मुलाचे ताट

अल्पभूधारक कुटुंबात पेऱ्याचा निर्णय मृगाच्या आसपास होतो आणि त्याचे परिणाम पुढच्या मृगापर्यंत घरातल्या ताटांत दिसत राहतात. किती रान कपाशीला, किती सोयाबीनला, तुरीच्या ओळी किती, ज्वारी टाकायची की नाही, दारची गाय ठेवायची की विकायची, हे ठरवताना घरात पावसाची, भावाची, उधारीची आणि मजुरीची चर्चा होते. मुलाच्या खाण्याची क्वचितच होते. तरीही वर्षभर घरात कोणते धान्य-डाळ असेल, पैसा कधी येईल, तो कोणाच्या हातात येईल आणि आईला चुलीजवळ व मुलाजवळ किती वेळ बसता येईल, या चारही गोष्टी त्याच निर्णयात बांधलेल्या असतात. शेती आणि बालपोषण यांना जोडणारे धागे मुख्यतः हेच चार. त्यांतला पहिला सर्वांना दिसतो, शेवटचा जवळजवळ कोणालाच दिसत नाही. आणि या शेवटच्या धाग्यावरही बराच भार असतो, असे काही अभ्यास सांगतात.

दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांना शासकीय व्याख्येत अल्प व अत्यल्प भूधारक म्हणतात. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातील ८६ टक्के खातेदार या गटात मोडतात. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ पर्यंत ते १.३४ हेक्टरांवर आले. जमीन तेवढीच, खाती तिपटीहून अधिक. चार हेक्टरांच्या शेतात एका कोपऱ्यात भुईमूग, एका तुकड्यात ज्वारी, बांधाला तीळ आणि उरलेल्या रानात नगदी पीक अशी वाटणी सहज बसत असे. तीन एकरांत ती बसवायची तर कशाला तरी जागा सोडावी लागते, आणि जागा सोडते ते बहुतेक वेळा घरात खाल्ले जाणारे पीक.

दुसऱ्या बाजूला मुलांची स्थिती आहे. वयाच्या मानाने उंची कमी राहणे म्हणजे खुजेपणा. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे लुकडेपणा. पहिला दीर्घकाळच्या उणिवेची खूण, दुसरा अलीकडच्या उपासमारीची वा आजाराची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३४.४ टक्के खुजी आणि २५.६ टक्के लुकडी होती. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत हे आकडे ३५.२ आणि २५.६ टक्के आले. पाच वर्षांत हालचाल जवळजवळ शून्य, आणि रक्तक्षय तर ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. हे अटळ नव्हते. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झाले, आणि २००५-०६ ते २०१२ या काळात राज्यातील दोन वर्षांखालील मुलांमधला खुजेपणा तिसऱ्या हिश्शाहून अधिक होता तो चौथ्या हिश्शाच्या खाली आला. अंगणवाडी, बाळंतपणाची सेवा, मुलींचे शिक्षण, उत्पन्न अशा अनेक गोष्टी एकत्र चालल्या तेव्हा हे घडले. शेतीचा वाटा या सगळ्याच्या आत मिसळलेला असतो, आणि म्हणूनच तो वेगळा काढून दाखवणे संशोधकांना जड जाते.

महाराष्ट्रात या वाट्याची सुरुवात ज्वारीपासून करावी लागते. १९६०-६१ मध्ये राज्यात ज्वारीचा पेरा ६२ लाख हेक्टरांवर होता. आज तो २० लाखांच्याही आत आला आहे आणि उरलेला बराचसा रब्बीचा आहे. खरिपाची ज्वारी विदर्भ-मराठवाड्यातून जवळजवळ उठली. तिच्या जागी कपाशी आणि सोयाबीन आले. १९८०च्या आधी शेतकऱ्याला फारसे ठाऊक नसलेले सोयाबीन आता कपाशीच्या तोडीस तोड क्षेत्र व्यापते; कपाशीत २००२ नंतर बीटी वाणांनी वेग धरला. या बदलाला शेतकऱ्याची चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. खरीप ज्वारी फुलोऱ्यानंतरच्या पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि काळ्या दाण्याला बाजार नाही. पाखरे राखायला माणूस लागतो, रानडुकरे अख्खा फड लोळवतात, कापणी-मोडणी-मळणीला मजूर मिळत नाहीत. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, हार्वेस्टरने वा मळणीयंत्राने निघते आणि दिवाळीपूर्वी मोंढ्यावर त्याचा रोकडा होतो. त्यात रेशनचा गहू-तांदूळ जवळजवळ फुकट मिळू लागल्यावर भाकरीसाठी रान अडवून ठेवण्याचे कारणच संपले.

पण ज्वारी गेली तेव्हा एकटी गेली नाही. तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर दूध आणि शेणखत. मूग-उडीद ही खरिपाची लवकर येणारी कडधान्ये पोळ्याच्या सुमाराला घरात येत आणि टंचाईच्या दिवसांत डाळीचा पहिला घास देत. सोयाबीनने त्यांची जागा सर्वांत आधी घेतली. हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, कोणत्याही डाळीपेक्षा कितीतरी अधिक. तरीही ज्या गावांत शेकडो क्विंटल सोयाबीन पिकते, तिथल्या लहान मुलाच्या ताटात ते सहसा येत नाही. सोयाबीन घरी शिजवून खाण्याची रीत इथे रुजली नाही, त्याचा उग्र वास घालवण्यासाठी ते उकळून, वाळवून, दळून घ्यावे लागते. ते गिरणीला जाते, तेल वेगळे होते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात वा परदेशी जाते. रानात प्रथिने पिकणे आणि पोटात प्रथिने जाणे यांत किती अंतर असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

आणखी एक नुकसान कोणत्याच पीकपाहणीत नोंदले गेले नाही, कारण ते पीक सातबाऱ्यावर कधी चढलेच नव्हते. जुन्या पेऱ्यात मुख्य पिकाच्या ओळींमध्ये बाया इरवाड टाकीत: भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, तीळ, वाळूक, कारळ. बियाणे घरचे, मडक्यात राखेत ठेवलेले. त्याशिवाय निंदणीला गेलेली बाई परतताना ओट्यात तांदुळजा, घोळ, चिवळ, कुर्डू, पाथरी घेऊन येई. शेताच्या दृष्टीने ही तणे, घराच्या दृष्टीने ही भाजी. सलग सोयाबीन आणि तणनाशक आले तसे दोन्ही एकदमच संपले. फवारणी झालेल्या कपाशीतली भाजी कोणी खुडत नाही, आणि खुडू नये हेही खरे. आता पालेभाजी हवी तर आठवडी बाजाराची वाट पाहायची आणि सुट्या पैशांनी विकत घ्यायची.

हिरवी भाजी गेल्याने काय बिघडते, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने दिले आहे आणि त्याची चर्चा शेतीच्या वर्तुळात व्हायला हवी तेवढी झालेली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा दुष्काळी गावांतील गर्भवतींचा पाठपुरावा केला. शोभा राव यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की आईने किती उष्मांक वा किती प्रथिने घेतली याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी ठळक संबंध नव्हता. तो होता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी. या बहुतेक बाया शेतकरी घरातल्या. म्हणजे मुलाच्या वाढीचा पहिला हप्ता ते जन्मण्याआधीच भरला जातो, आणि तो भरणारा जिन्नस बहुतेकदा बांधावरचा वा गोठ्यातला असतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत उंचीची जी तूट पडते ती पुढे फारशी भरून येत नाही. या काळात सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधाला घरच्या अन्नाची जोड लागते, आणि ती वैविध्यपूर्ण लागते. देशात ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण पाचव्या सर्वेक्षणात अवघे ११.३ टक्के होते. उरलेल्या सगळ्या घरांत धान्यच नसते असे मात्र नाही. पोट भरते, ताट मात्र एकाच रंगाचे राहते.

मग शेतात अधिक प्रकारची पिके घेतली की मुलाचे ताट आपोआप रंगीत होते का? गेल्या दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नावर जगभर बरेच काम झाले आहे. मलावीतील पाहण्यांत शेतातील विविधता आणि आहारातील विविधता यांचा स्पष्ट संबंध दिसला. इंडोनेशिया, केनिया, इथिओपिया आणि मलावी या चार देशांची आकडेवारी एकत्र घेऊन २०१५ मध्ये सिभातू, कृष्णा आणि काइम यांनी दाखवले की हा संबंध सरसकट नाही. बाजार जवळ असेल तर तो अनेकदा शेतातल्या विविधतेपेक्षा जास्त काम करतो. पुढे २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची बेरीज करून सिभातू व काइम यांनी काढलेला हिशेब असा की सरासरीने आहारात अन्नाचा एक नवा गट वाढायला शेतात सुमारे १६ नवी पिके वा जनावरांच्या जाती वाढवाव्या लागतील. तीन एकरांत हे कोणालाच जमणार नाही.

हा आकडा विविधतेविरुद्धचा निकाल म्हणून वापरला जातो, पण त्याचा अर्थ तेवढा सरळ नाही. सरासरीत ज्वारीशेजारी मका लावणारा आणि कपाशीत चवळी लावणारा सारखेच मोजले जातात. एका तृणधान्याच्या जोडीला दुसरे आल्याने ताटात नवा गट येत नाही; डाळ, पालेभाजी, अंडे वा दूध आल्याने येतो. उत्तर मलावीतील एक्वेंदेनी भागात २००० पासून चाललेल्या प्रकल्पाने हेच दाखवले. मक्याच्या शेतात तूर, भुईमूग, सोयाबीन यांची आंतरपिके घेतली गेली, तुरीचा पाला जमिनीत गाडला गेला. पण एवढ्याने भागले नाही. भुईमूग विकून आलेला पैसा घरात येईलच याची खात्री नव्हती आणि तान्ह्या मुलांना काय, कधी भरवायचे यात सासवांचा शब्द चाले. म्हणून आया, सासवा आणि पुरुष यांच्या चर्चांचे गट बांधले गेले. रेचेल बेझनर केर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत प्रकल्पाशी जास्त काळ आणि जास्त जवळून जोडलेल्या घरांतील मुलांचे वजन सुधारलेले दिसले. कपाशीत तूर घेणाऱ्या विदर्भाला तुरीचे महत्त्व नव्याने सांगायला नको. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ती तूर मळल्यावर किती पायल्या घरात ठेवायच्या, हे कोण ठरवते.

नगदी पिकाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा: विका, पैसा आणा, हवे ते विकत घ्या. तो खोटा नाही. पण पैशाचे पोषणात रूपांतर आपोआप होत नाही, हे १९८०च्या दशकातच दिसून आले होते. नैर्ऋत्य केनियात ऊस लावणाऱ्या अल्पभूधारकांचा आयलीन केनेडी आणि ब्रूस कॉगिल यांनी केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊसवाल्यांचे उत्पन्न वाढले होते, घरातले उष्मांकही थोडे वाढले होते. मुलांच्या आजारपणात वा वाढीत मात्र लक्षणीय फरक पडला नव्हता. उसाचा वा कापसाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा, मोठ्या रकमेने आणि बहुधा पुरुषाच्या हातात येतो. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, बोअरचा हप्ता, लग्नकार्य यांत तो जिरतो. भाजी, दूध, अंडी यांचा पैसा दर आठवड्याला, थोडा थोडा आणि बाईच्या हातात येतो. आठवडी बाजारातल्या पिशवीत जातो तो हाच. रक्कम तीच असली तरी ती कोणत्या दिवशी आणि कोणाच्या पदराला आली, यावर मुलाचे ताट ठरते. उसाच्या दुसऱ्या टोकाला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कोरडवाहू कुटुंबे आहेत. आपल्या दोन एकरांत वर्ष निघत नाही म्हणून उचल घेऊन ती कोयत्यावर जातात आणि दसरा-दिवाळीनंतर जवळपास सहा महिने फडावर राहतात. गावच्या अंगणवाडीच्या वहीत नाव असलेले मूल त्या काळात वजनकाट्यावर येत नाही, आणि फडावरची अंगणवाडी सहसा सापडत नाही.

जनावरांचा प्रश्न पिकांपेक्षा सोपा आहे आणि उत्तरही जास्त ठाम आहे. इथिओपियातील अभ्यासांत गाय असलेल्या घरातील लहान मुले अधिक दूध पितात आणि त्यांची उंचीही बरी असते, असे आढळले; दुधाचा बाजार दुबळा असलेल्या गावांत हा फायदा मोठा, बाजार चांगला असलेल्या गावांत लहान. कारण उघड आहे. जिथे दूध विकत मिळत नाही तिथे गोठा हाच एकमेव मार्ग. महाराष्ट्राच्या दूधपट्ट्यांत याची उलटी बाजू दिसते: सकाळी-संध्याकाळी संकलन केंद्रावर कॅन भरला जातो आणि फॅट लागावी म्हणून घरासाठी मागे ठेवायचा मोह आवरला जातो. पण दर दहा दिवसांनी पगारासारखा पैसा येतो, हेही तितकेच खरे. शेळी आणि परसातल्या कोंबड्या भूमिहीनालाही परवडतात. अंडे तर विकायला किरकोळ आणि मुलाला भरवायला अमोल. एक सावधगिरी मात्र हवी. कोंबड्या घरातच वावरत असतील आणि रांगणारे मूल त्याच जमिनीवर हात फिरवून तोंडात घालत असेल, तर विष्ठेतील जंतूंनी आतडी सुजत राहतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. खुराडे घराबाहेर हवे, ही साधी गोष्ट पोषणाच्या योजनेत लिहिली जात नाही.

यानंतर वेळ. शेतीचे काम बाईच्या अंगावर सर्वांत जास्त पडते ते निंदणी-खुरपणीच्या आणि कापूस वेचणीच्या महिन्यांत. आषाढ-श्रावणात जुने धान्य संपत आलेले असते, नवे यायचे असते, हातात रोकड नसते, पाणी गढूळ होते, जुलाब आणि हिवताप वाढतो. आणि नेमक्या याच आठवड्यांत आई दिवस उजाडायच्या आधी स्वयंपाक उरकून रानात जाते आणि दिवेलागणीला परतते. लहान मुलाचे पोट वाटीएवढे; त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, ताजे आणि मऊ भरवावे लागते. मोठ्या बहिणीने दुपारी सकाळची भाकरी चहात कुस्करून दिली की भरवणे संपते. मेळघाटात बालमृत्यू पावसाळ्यात वाढतात, त्यामागे जी कारणांची मोळी आहे तिच्यातली ही एक मुख्य काठी.

गर्भावस्थेतही कष्ट मोजले गेले आहेत. पुण्याजवळच्या त्याच सहा गावांत, गरोदरपणात शेतीकाम, पाणी वाहणे, धुणी-भांडी यांचा भार जास्त असलेल्या बायांची बाळे जन्मतः लहान होती. वर्धा आणि ओडिशातील कोरापुट जिल्ह्यांत नित्या राव आणि एस. राजू या संशोधकांनी हंगामानुसार बायांच्या वेळेचा हिशेब मांडला. कामाच्या ऐन दिवसांत त्यांची विश्रांती, झोप आणि जेवण तिन्ही आखडतात आणि त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावते. यावरून नवे पीक वा नवे वाण सुचवताना विचारायचा प्रश्न स्पष्ट होतो: यात बाईचे किती दिवस जातील आणि कोणत्या महिन्यात? कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत हेक्टरी बियाणे, खत, पाणी आणि उत्पादन दिलेले असते. बाईचे मनुष्यदिवस आणि त्यांचा महिना दिलेला नसतो. ही उणीव लहान नाही. ती भरून काढण्याआधी कोणत्याही पिकाला पोषणपूरक म्हणणे अर्धवट ठरते.

शेतीतून पोषण सुधारण्याचे प्रयोगही बरेच झाले. बांगलादेशात १९९०पासून हेलन केलर इंटरनॅशनलने परसबागांचे काम मोठ्या प्रमाणावर केले. मोझांबिक आणि युगांडात नारिंगी गराच्या रताळ्याने मुलांच्या आहारातील अ जीवनसत्त्व ठळकपणे वाढले आणि या कामाला २०१६चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राचा स्वतःचा वाटाही आहे. इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने लोहयुक्त बाजरीचे 'धनशक्ती' वाण आले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना त्याची भाकरी आणि शेव देऊन पाहिली गेली. चार महिन्यांत शरीरातील लोहाचा साठा सुधारला. मुंबईच्या वस्त्यांमधील एक-दीड वर्षांच्या मुलांवर जेव्हा अशाच बाजरीच्या पूरक आहाराची चाचणी झाली, तेव्हा मात्र एकूण गटात लक्षणीय परिणाम दिसला नाही. शाळकरी पोर एका बैठकीत दोन भाकरी खाते, दीड वर्षाचे मूल चार घास. जे वाण मोठ्यांच्या रक्तात लोह भरते ते तान्ह्याच्या वाटीत पुरेलच असे नाही, एवढे यातून दिसते.

ओडिशातील केओंझर जिल्ह्यात झालेली 'उपवन' चाचणी या विषयावरच्या सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी एक. १४८ गावगट चार भागांत विभागले. काही ठिकाणी बायांच्या बचत गटांत दर पंधरवड्याला पोषणपूरक शेतीचे स्थानिक व्हिडिओ दाखवून चर्चा झाली, काही ठिकाणी त्यात बालसंगोपनाचे व्हिडिओ मिसळले, काही ठिकाणी गावाने एकत्र बसून अडचणी शोधण्याची बैठक जोडली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मुलांच्या आहारातील विविधता सगळ्या नाही, पण काही भागांत वाढलेली दिसली. केवळ शेतीचे व्हिडिओ दाखवलेल्या गावांतही वाढली. मुलांचा लुकडेपणा आणि आयांचे वजन मात्र हलले नाही. जगभरच्या परसबाग, कुक्कुटपालन आणि पोषणशेतीच्या कार्यक्रमांचा एकत्रित निकाल साधारण असाच आहे: आहार सुधारतो, उंची क्वचितच वाढते.

या निकालावरून शेतीचा मार्ग सोडून देण्याची घाई करू नये. उंची केवळ अन्नाने वाढत नाही. वारंवार होणारे जुलाब, उघड्यावरचे शौच, आईचे कमी वय आणि दोन बाळंतपणांतले अपुरे अंतर या सगळ्यांची ती बेरीज आहे, आणि दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात ती मोजून काही सिद्ध होणे अवघड. शेतीने ज्याची जबाबदारी घ्यावी ते म्हणजे ताट. ते सुधारत असेल तर शेतीने आपले काम केले. बाकीचे काम दवाखान्याचे, नळाचे आणि शाळेचे.

एम. एस. स्वामिनाथन यांनी मांडलेली 'पोषणासाठी शेतीपद्धती' ही कल्पना स्वामिनाथन प्रतिष्ठानने वर्धा आणि कोरापुट येथे २०१३ नंतर गावपातळीवर राबवून पाहिली. वर्ध्याची निवड मुद्दाम केलेली होती, कारण तो कपाशी-सोयाबीन-तुरीचा कोरडवाहू जिल्हा. तिथे घरोघरच्या पोषणबागा, कडधान्ये आणि गावातील लोकांना पोषणाचे शिक्षण यांवर भर राहिला. अडचण ठरली उन्हाळ्याच्या पाण्याची. परसबागेचे सगळे चित्र जुलै ते जानेवारी हिरवे असते. फेब्रुवारीनंतर सांडपाण्यावर जगेल तेवढेच जगते. शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू ही बहुवर्षायू झाडे म्हणूनच वाफ्यांपेक्षा भरवशाची.

महाराष्ट्रात शेतीतला घरचा वाटा राखण्याचा विचार संशोधकांच्या आधी शेतकरी चळवळीने मांडला होता, याची नोंद या विषयावरच्या लिखाणात सहसा नसते. शरद जोशी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून बायकांच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले आणि त्यानंतर चतुरंग शेतीची मांडणी केली. तिच्यातले पहिले अंग 'सीताशेती': घरच्या खाण्यासाठी, बाईच्या अखत्यारीतला, विकत्या औषध-खतांशिवाय पिकवायचा लहान तुकडा. खुल्या बाजाराच्या बाजूने इतक्या ठामपणे उभ्या राहिलेल्या नेत्याने व्यापारशेती आणि निर्यातशेतीच्या आधी या तुकड्याला जागा द्यावी, हे महत्त्वाचे आहे. पुढे मराठवाड्याच्या दुष्काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-धाराशिव भागात 'एक एकर' पद्धत उभी केली. घरातील बाईने नवऱ्याशी बोलून अर्धा ते एक एकर रान मागून घ्यायचे आणि त्यात कमी पाण्याची धान्ये, कडधान्ये, भाज्या घ्यायच्या. संस्थेला २०१७चे इक्वेटर पारितोषिक मिळाले. या पद्धतीचे बळ पिकांच्या यादीत नाही, रान मागून घेण्यात आहे. त्या एकरात काय पेरायचे आणि काय विकायचे, हे स्वयंपाक करणारी व्यक्ती ठरवते.

आदिवासी पट्ट्यात प्रश्नाचे रूप थोडे निराळे. मेळघाटात कोदो, कुटकी, सावा यांची जागा सोयाबीनने घेतली. सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरईचे माळ ओसरले. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. नाचणीची पेज वा आंबील सहा महिन्यांच्या बाळालाही पचते, म्हणून तिचे जाणे तान्ह्याला आधी भोवते. उलट दिशेचा अनुभवही याच पट्ट्यात आहे. बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतील वांसदा येथे सुरू केलेली आंबा-काजूची 'वाडी' जव्हार भागात आली, पुढे जव्हार-विक्रमगडच्या परिसरात मोगराही आला. मोगरा कोणी खात नाही. पण फुलांचा पैसा रोजच्या रोज येतो आणि त्यासाठी वीटभट्टीवर स्थलांतर करावे लागत नाही. कुटुंब गावात राहते, मूल अंगणवाडीत राहते. खाण्याच्या पिकानेच पोषण होते असे नाही, आणि नगदी पिकाने ते बिघडतेच असेही नाही, हे मोगऱ्याने दाखवले.

धोरण या सगळ्याच्या मागे उभे असते. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने भूक आटोक्यात ठेवली, हे निर्विवाद. पण रेशनवर गहू-तांदूळ, हमीभावाची प्रत्यक्ष खरेदी मोजक्या पिकांची, पीकविम्याचा आणि कर्जाचा ओघ नगदी पिकांकडे. अशा चौकटीत तीन एकरांचा मालक मूग-उडदाला आणि ज्वारीला रान देईल, ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवणे योग्य नाही. २०१५ पासून आदिवासी भागात चालणाऱ्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना गरम जेवण मिळते, अंगणवाडीतल्या मुलांना अंडी-केळी मिळतात. ही अंडी त्याच गावातल्या परसातल्या कोंबड्यांची, आणि घरपोच आहारातले कडधान्य त्याच तालुक्यातल्या बचत गटाकडून घेतलेले असेल, तर एकाच खर्चात बाईच्या हाती साप्ताहिक पैसा आणि मुलाच्या हाती घास दोन्ही येतात.

दरवर्षी खरिपापूर्वी प्रत्येक जिल्ह्यात हंगामाची आढावा बैठक होते. बियाण्यांची उपलब्धता, खतांचे आवंटन, पीककर्जाचे उद्दिष्ट आणि पिकांखालचे क्षेत्र यांचे तक्ते तिथे मांडले जातात. त्याच जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत मुलांचे दर महिन्याचे वजन नोंदलेले असते. हे दोन तक्ते एका टेबलावर ठेवून, कोणत्या तालुक्यात कडधान्याचे क्षेत्र घटले आणि कोणत्या तालुक्यात श्रावणात मुलांची वजने उतरली, एवढे जरी त्या बैठकीत विचारले गेले, तरी पेरणीच्या नियोजनात मुलाचे नाव पहिल्यांदा येईल. त्यासाठी नवा कायदा, नवे खाते वा नवा निधी लागत नाही.